अक्राचा किनारा पायी पाहताना

घानाला जाणारे बहुतेक भारतीय पर्यटक अक्राच्या विमानतळावर उतरतात, एक रात्र हॉटेलात काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच केप कोस्ट आणि एल्मिना येथील किल्ल्यांकडे निघून जातात. ते किल्ले पाहायलाच हवेत, याविषयी दुमत नाही. मात्र राजधानीच्या या शहराला केवळ मुक्कामाचे ठिकाण मानून पुढे सरकणे मला मुळीच पटत नाही. जेम्सटाउनच्या दीपगृहापासून पूर्वेकडे ओसूच्या किल्ल्यापर्यंतचा किनारा जेमतेम चार-पाच किलोमीटरचा आहे. तेवढ्या अंतरात तीन युरोपीय किल्ले लागतात, देशाचा भावी पंतप्रधान ज्यात कैदेत होता तो तुरुंग लागतो, स्वातंत्र्याची घोषणा झाली ते मैदान लागते आणि निःशस्त्र माजी सैनिकांवर ज्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तो रस्ताही लागतो. हा पट्टा मोटारीतून वीस मिनिटांत संपतो. पायी निघालात, तर दिवस पुरत नाही.

सुरुवात जेम्सटाउनपासून करावी, आणि तीही सकाळी लवकर. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे तेथील दीपगृह १९३०च्या दशकातले आहे. त्याआधीचे १८७१ साली ब्रिटिशांनी बांधले होते. वर जाण्याचा जिना अरुंद आहे, पण माथ्यावरून गंजलेल्या पत्र्यांची दाट वस्ती, तिच्या मधोमध दिसणारी अंगणे आणि समोरचा अटलांटिक असे सगळे एका नजरेत येते. ही गा लोकांची मूळ वस्ती. डचांनी येथे १६४९ साली क्रेव्हकर हा किल्ला बांधला, जो पुढे ब्रिटिशांच्या ताब्यात येऊन अशर फोर्ट झाला. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर इंग्रजांनी १६७३ साली जेम्स फोर्ट उभारला. आधी सोन्यासाठी आणि मग माणसांच्या व्यापारासाठी ही चढाओढ होती. पुढे दोन्ही किल्ल्यांचे तुरुंग झाले. घानाचे भावी पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांनी गांधीजींच्या अहिंसक लढ्यापासून प्रेरणा घेऊन १९५०च्या जानेवारीत संपाचे आंदोलन पुकारले, तेव्हा त्यांना जेम्स फोर्टमध्ये डांबण्यात आले. तुरुंगात असतानाच १९५१च्या फेब्रुवारीत ते अक्रामधून निवडून आले आणि तेथून थेट सरकार बनवण्यासाठी बाहेर पडले. बाहेरच्या रस्त्यावर उभे राहून ती बसकी, चुना उडालेली भिंत पाहिली की हा इतिहास फार जवळचा वाटतो, कारण भिंतीला लागूनच मुले फुटबॉल खेळत असतात आणि बायका दोरीवर कपडे वाळत घालत असतात.

किनाऱ्यावर गेलात तर वार कोणता आहे, हे आधी पाहा. गा परंपरेनुसार मंगळवारी कोणीही मासेमारीला जात नाही. त्या दिवशी होड्या वाळूवर ओढलेल्या असतात आणि पुरुष सावलीत बसून जाळी विणतात. इतर दिवशी सकाळी होड्या परततात. एका प्रचंड झाडाचा बुंधा कोरून, त्याला बाजूने फळ्या जोडून या होड्या तयार होतात. त्यांच्यावर रंगीत नक्षी, बायबलमधली वचने आणि निरनिराळ्या देशांचे झेंडे असतात. मासळी वाळूवर उतरली की तिचा ताबा बायकांकडे जातो. अनेक होड्यांच्या इंधनासाठी आणि जाळ्यांसाठी पैसे याच बायकांनी पुरवलेले असतात, आणि त्या मोबदल्यात मासळीवर पहिला हक्क त्यांचा असतो. भाव ठरवणारी प्रमुख बाईही असते आणि तिचा शब्द मानला जातो. आपल्या कोकणातल्या आणि मुंबईतल्या कोळणींना हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही.

विकून उरलेल्या मासळीला येथे प्रामुख्याने धूर देतात. जेम्सटाउनच्या पश्चिमेला असलेल्या चोरकोर वस्तीच्या नावाने ओळखली जाणारी एक भट्टी आहे, जी आता आफ्रिकेतील इतर अनेक देशांतही वापरली जाते. मी ती जवळून पाहिली. माती-सिमेंटची चौकोनी, कमरेइतक्या उंचीची चूल, समोर लाकडे सारण्यासाठी दोन तोंडे आणि वर जाळीच्या तळाच्या लाकडी ट्रे एकावर एक रचलेल्या. ट्रेच एकमेकींवर बसून धुराडे तयार करतात, त्यामुळे धूर वाया जात नाही आणि लाकूडही कमी लागते. भट्टी सांभाळणारी बाई मधूनमधून खालची ट्रे वर आणि वरची खाली करत होती. बोटाने मासा दाबून पाहायची आणि त्यावरून ठरवायची. घड्याळाकडे तिने एकदाही पाहिले नाही.

तिच्या शेजारीच केंकी विकणारी बसली होती. मका भिजवून दळायचा, पीठ दोन-तीन दिवस आंबवायचे, त्यातला काही भाग शिजवून उरलेल्या कच्च्या पिठात मिसळायचा आणि त्याचे गोळे कणसाच्या सालीत गुंडाळून उकडायचे, अशी ही कृती आहे. सोबत तळलेला मासा, वाटलेली ताजी मिरची-टोमॅटो आणि शितो नावाची काळी, तिखट चटणी, जिच्यात सुकी कोळंबी, आले आणि भरपूर मिरची असते. अक्रामध्ये वयाने मोठ्या बाईला आंटी म्हणतात, म्हणून मीही म्हटले, “आंटी, एक केंकी द्या.” त्यांनी मला एकवार निरखले आणि विचारले, “मिरची खाशील ना, की नुसता मासा देऊ?” मी दोन्ही मागितल्यावर त्यांनी चटणी सढळ हाताने वाढली. केंकी आंबूस लागते आणि पहिल्या घासाला अनोळखी वाटते. पण शितो आणि माशाबरोबर ती इतकी उत्तम जमते की पुढे मी तिच्यासाठी मुद्दाम थांबत असे. खाणे उजव्या हातानेच, आणि पैसे देणे-घेणेही उजव्या हातानेच. डावा हात पुढे करणे येथे उद्धटपणाचे मानले जाते.

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगते. घानामधील बहुतेक रश्श्यांत सुका किंवा धुरावलेला मासा असतो, त्यामुळे नीट विचारल्याशिवाय काही घेऊ नका. वाचे नावाचा भात मात्र जरूर खा. तांदूळ आणि चवळी एकत्र शिजवताना त्यात ज्वारीच्या ताटाची वाळलेली पाने घालतात आणि त्या पानांमुळे भाताला तांबूस रंग येतो. ज्वारीवर वाढलेल्या आपल्या मुलखात हा उपयोग कोणाला सुचला नसावा, याचे मला खरोखर नवल वाटले. त्यासोबत मिळणारे मटण, मासा आणि शितो टाळता येतात. पाम तेलातली चवळीची उसळ आणि तळलेली पिकलेली राजेळी केळी, ज्याला तेथे रेड-रेड म्हणतात, तीही मासा न घालता मिळू शकते.

किनारा सोडून थोडे आत वळले की माकोला बाजार लागतो. या बाजाराविषयी वाचून जावे, म्हणजे तेथील बायकांकडे पाहण्याची नजर बदलते. १९२४ साली सुरू झालेल्या या बाजारात प्रत्येक मालाची एक राणी असते. टोमॅटोची वेगळी, रताळ्यासारख्या यामची वेगळी. तीच भांडणे मिटवते आणि माल कोणी किती आणायचा, हेही ठरवते. १९७९ साली सत्ता हाती घेतलेल्या लष्करी राजवटीने साठेबाजी आणि महागाईचे खापर या व्यापारी बायकांवर फोडले आणि ऑगस्टमध्ये मुख्य माकोला बाजार जमीनदोस्त केला. अर्थव्यवस्था कोसळण्याची कारणे निराळी होती आणि ती फार वर पोहोचत होती. शिक्षा मात्र टोपली घेऊन बसणाऱ्यांना झाली. बायका परत आल्या, बाजार आजूबाजूला पुन्हा उभा राहिला. आज तेथे चालताना डोक्यावर कापडाचे गठ्ठे, पाण्याच्या पिशव्या, अगदी शिवणयंत्रसुद्धा घेऊन चाललेल्या बायकांना वाट द्यावी लागते, आणि ती तत्परतेने द्यावी.

बाजारातून पुन्हा किनाऱ्याच्या रस्त्याला लागलात की एन्क्रुमा यांचे स्मारक येते. ब्रिटिश अमदानीत हे गोऱ्यांचे पोलो मैदान होते. ६ मार्च १९५७ रोजी मध्यरात्री याच मैदानावर एन्क्रुमा यांनी घानाचे स्वातंत्र्य जाहीर केले. सहाराच्या दक्षिणेकडील वसाहतींमध्ये हा मान मिळवणारा हा पहिला देश. १९६६च्या लष्करी उठावात त्यांची सत्ता गेली, तेव्हा जमावाने त्यांचा पुतळा फोडला. १९७२ साली बुखारेस्टमध्ये त्यांचे निधन झाले आणि १९९२ साली हे स्मारक खुले झाले. आवारात तो शिर नसलेला जुना पुतळा जपून ठेवला आहे, आणि त्याच्या शेजारी वेगळ्या चौथऱ्यावर त्याचे तुटलेले शिर आहे. उठावाच्या धामधुमीत एका स्त्रीने ते सांभाळून ठेवले होते आणि पुढे परत केले. संगमरवरी समाधीपेक्षा मला हाच पुतळा अधिक महत्त्वाचा वाटतो. देशाने जे केले ते झाकले नाही, आणि फोडलेले जोडून पूर्ववत झाल्याचा देखावाही केला नाही.

यापुढचा टप्पा असा आहे की ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी पश्चिम आफ्रिकेतून दोन डिव्हिजन उभ्या केल्या, ८१वी आणि ८२वी, आणि त्या जपानविरुद्ध लढण्यासाठी ब्रह्मदेशात पाठवल्या. १९४३ साली ८१व्या डिव्हिजनचे सैनिक मुंबई बंदरात उतरले. त्यांत गोल्ड कोस्टचे, म्हणजे आजच्या घानाचे, जवान मोठ्या संख्येने होते. अराकानच्या कलादान खोऱ्यात रस्ते नव्हते, म्हणून या डिव्हिजनबरोबर हमालांच्या तुकड्या होत्या, ज्यांनी दारूगोळा आणि रसद डोक्यावरून वाहून नेली. माकोलामध्ये डोक्यावरचे ओझे पाहिल्यानंतर ही गोष्ट केवळ पुस्तकातली राहत नाही. युद्ध संपले, सैनिक घरी आले, आणि निवृत्तिवेतन व नोकऱ्यांची दिलेली आश्वासने हवेत विरली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी त्यांचा निःशस्त्र मोर्चा गव्हर्नरला निवेदन देण्यासाठी ओसूच्या किल्ल्याकडे निघाला. चौरस्त्यावर पोलिसांनी तो अडवला आणि ब्रिटिश अधिकाऱ्याने गोळीबार केला. सार्जंट अजेते, कॉर्पोरल अतिपो आणि प्रायव्हेट ओदार्ते लाम्प्ते हे तिघे ठार झाले. अक्रामध्ये दंगली उसळल्या, एन्क्रुमांसह सहा नेत्यांना अटक झाली आणि तेथून नऊ वर्षांत गोल्ड कोस्टचा घाना झाला. ते सहा नेते आज तेथील सेदीच्या नोटांवर दिसतात. घानाच्या लष्कराच्या मुख्यालयाचे नावही बर्मा कॅम्प आहे. ब्रह्मदेशातल्या त्याच लढाईत आपले मराठी जवानही होते. आपल्या बंदरातून पुढे गेलेल्या या माणसांचे नाव मी मुंबईत कधीच ऐकले नव्हते, याचे मला मनापासून वाईट वाटते. २८ फेब्रुवारीला येथे दरवर्षी पुष्पचक्र वाहिले जाते. त्या सुमारास अक्रामध्ये असाल, तर अवश्य जा.

जवळच ब्लॅक स्टार चौक आहे. १९६१ सालचे हे भव्य संचलन-मैदान एरवी रिकामे आणि तापलेले असते. कमानी पाहाव्यात आणि पुढे निघावे.

ओसूचा किल्ला डेन्मार्कने १६६०च्या दशकात बांधला आणि त्याला ख्रिश्चनबोर्ग असे नाव दिले. १६७९ साली तो काही वर्षांसाठी पोर्तुगीजांकडे गेला, तेव्हा त्यांनी त्याला सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे नाव दिले, ज्यांचे शव जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकात आहे. १६९३ साली अक्वामू लोकांच्या असामेनी नावाच्या व्यापाऱ्याने आपली माणसे बंदुकांची गिऱ्हाइके म्हणून आत नेली, पारखण्यासाठी हातात आलेल्या बंदुकाच डॅनिशांवर रोखल्या आणि किल्ला जिंकला. वर्षभराने त्याने तो सोन्याच्या बदल्यात परत केला. किल्ल्या मात्र दिल्या नाहीत, आणि त्या अजूनही अक्वामूंच्या ताब्यात आहेत. १८५० साली डॅनिशांनी तो ब्रिटिशांना विकला. तळघरात माणसे जहाज येईपर्यंत कोंडून ठेवली जात. वरच्या मजल्यांवर आधी गव्हर्नर आणि नंतर स्वतंत्र घानाचे राष्ट्राध्यक्ष बसत. राष्ट्राध्यक्षांचे आजचे कार्यालय, ज्युबिली हाउस, भारताच्या कर्जसाहाय्यातून बांधलेले आहे. किल्ला आतून पाहण्याची व्यवस्था बदलत असते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करून ठेवावी.

पाय थकले असतील, तर येथून पुढे ट्रोट्रो पकडा. ही खासगी मिनीबस. दारात लटकलेला क्लीनर, ज्याला तेथे मेट म्हणतात, ठिकाणाचे नाव भरभर ओरडत असतो. लाबादीची पुळण मागे टाकली की तेशी येते. सेथ काने क्वेई या सुताराने १९५०च्या दशकात येथे मृताच्या व्यवसायाला किंवा इच्छेला साजेशा शवपेट्या घडवायला सुरुवात केली, आणि त्यांच्या शागिर्दांनी ती कला पुढे नेली. कोळ्यासाठी मासा किंवा होडी, शेतकऱ्यासाठी कोकोची शेंग, चालकासाठी मोटार. मी पाहिलेल्या माशाच्या पेटीवर एक तरुण कारागीर पातळ ब्रशने एकेक खवला रंगवत होता, आणि पाठीवरचा पर उचलला की आतले पांढऱ्या सॅटिनचे अस्तर दिसत होते. येथे फोटो काढण्याआधी विचारावे, आणि कोणाचे नातेवाईक पेटी ठरवायला आले असतील, तर बाहेर थांबावे.

प्रवासाची आखणी करताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. घानात शिरण्यासाठी पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते, ते भारतात परतताना पुन्हा दाखवावे लागते, आणि लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. मलेरियाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांशी बोलून घ्या. मे-जूनमध्ये पाऊस जास्त असतो आणि त्याच सुमारास गा लोकांच्या होमोवो सणाआधी साधारण महिनाभर शहरात ढोल-ताशांवर आणि मोठ्या आवाजावर बंदी असते. ऑगस्टमध्ये तोच सण जेम्सटाउनच्या गल्ल्यांत साजरा होतो. मानकरी मक्याचे आंबवलेले पक्वान्न पूर्वजांसाठी रस्त्यावर शिंपडत जातात आणि घरोघरी येणाऱ्याला जेवू घालतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते, मात्र सहारातून येणाऱ्या धुळीने आकाश धूसर होते. मला विचाराल, तर ऑगस्ट निवडा, आणि मंगळवार सोडून कोणत्याही सकाळी जेम्सटाउनला पोहोचा.