चष्म्याचा नंबर आणि ‘तीन दिवसांनी या’

‘सर, तुम्हीच घेऊन जा’ या एका वाक्यावर शाळेतल्या पोरांच्या चष्म्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. आमची जिल्हा परिषदेची शाळा यवतमाळ जिल्ह्यात. वर्षातून एकदा आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) पथक येतं, अक्षरांचा तक्ता लावतं, ज्याचं चुकतं त्याला चिठ्ठी देतं. ग्रामीण रुग्णालयातला केसपेपरही पटकन निघतो. गाडी अडते ती थेंबांपाशी.

लहान पोराच्या डोळ्यातला जवळचं बघायचा स्नायू भलताच जोरकस असतो. नंबर मोजायच्या यंत्राला डोळा लावला की तो आवळतो आणि मायनस, म्हणजे दूरचं न दिसण्याचा, नंबर आहे त्याहून जास्त निघतो. म्हणून थेंब टाकून स्नायू ढिला करायचा आणि मग मोजायचं. थेंबांनी बाहुली मोठी होते, उजेड झोंबतो, वहीतलं धूसर दिसतं. अशा डोळ्यावर बहुतेक ठिकाणी चष्मा पक्का करत नाहीत. बाहुली पूर्ववत झाली की परत बोलावतात, पोराला कोणत्या काचेनं स्वच्छ दिसतं ते बघतात आणि मग नंबर लिहितात. केसपेपरवर याचंच नाव ‘पीएमटी’.

हे समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात, पण ती कोणी देत नाही. सोयाबीनची सोंगणी सोडून आलेला बाप विचारतो, ‘आजच काऊन नाही देत जी नंबर?’ उत्तर येतं, ‘लिवलं ना कागदावर.’ दुसऱ्या खेपेला एसटीचं भाडं आणि आणखी एक मजुरी बुडते, म्हणून तो येतच नाही. यंत्रातून निघालेली ती छोटी पट्टी घेऊन बाजारातल्या दुकानात जातो आणि तिच्यावरच चष्मा करून घेतो. आमच्या एका पोरीच्या पट्टीवर होतं -२.२५, थेंबांनंतर निघाले -१.५०. जास्तीच्या काचेनं पोराला दिसतं झकास, म्हणून चूक कळतही नाही. डोकं दुखतं, जवळचं वाचताना डोळे शिणतात, मग चष्मा दप्तराच्या तळाशी जातो.

म्हणून खिडकीवरून हलायच्या आधी विचारा, ‘थेंब कोणता, आणि परत कधी?’ सायक्लोपेंटोलेटचा असर साधारण एका दिवसात उतरतो. होमॅट्रोपिनला दोन-तीन दिवस लागतात. अगदी लहान पोरांना ॲट्रोपिनचं मलम घरी तीन दिवस लावायला देतात. त्याचा असर दहा-पंधरा दिवस राहतो, म्हणजे पुढची तारीख दोन-तीन आठवड्यांनंतरची. परीक्षेच्या आठवड्यात हे काढू नका. उन्हाळ्यातही टाळता आलं तर टाळा. ॲट्रोपिननं घाम कमी येतो, आणि ४५ अंशांत घाम न येणं म्हणजे ताप. मलम लावल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर दाबून धरा, म्हणजे औषध अंगात कमी उतरतं. तोंड लाल झालं, ताप चढला, पोरगं बरळायला लागलं तर मलम बंद करून थेट दवाखाना.

उरलेली ट्यूब मात्र फेकाच. नंबर वाढू नये म्हणून रात्री एक थेंब टाकायचं ॲट्रोपिन वेगळं, ०.०१ टक्क्याचं किंवा त्याच्या आसपासचं. मलम असतं १ टक्क्याचं, म्हणजे शंभरपट. ‘दोन्ही ॲट्रोपिनच’ म्हणून घरची ट्यूब वापरणारे मी पाहिले आहेत. आणि तो रात्रीचा थेंबही डोळ्यांच्या डॉक्टरांनीच लिहून द्यावा लागतो.

‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ हे आजीचं म्हणणं खरं नाही. नंबर वाढतो तो बुबुळामागे डोळ्याचा गोळा लांबत जातो म्हणून, आणि पोरगं उंच होतं त्या वयात तो लांबतोच. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिल्यानं तो थांबत नाही. मायनस नंबर मुळात लागू नये किंवा उशिरा लागावा, यात उघड्यावरच्या उजेडाचा हात मोठा. रोज दोन तास बाहेर, मग ते आमच्या शाळेसमोरच्या कडुलिंबाखाली असले तरी चालतं. त्या सावलीतही वर्गापेक्षा कितीतरी पट उजेड असतो. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी. वाचताना पुस्तक कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरावर हवं. मोबाईल त्याहून जवळ येतो, म्हणून तो जास्त छळतो.

एक राहिलंच. एक डोळा झाकून तक्ता वाचताना पोरं झाकलेल्या डोळ्यानं बोटांच्या फटीतून बघतात. तळहाताची वाटी करून झाकायला लावा, पण डोळा दाबू देऊ नका, नाहीतर तो उघडल्यावर बराच वेळ धूसर दिसतं. एकाच डोळ्याचा नंबर असलेलं पोरगं कधी तक्रार करत नाही, ते इथेच सापडतं.

काच पॉलिकार्बोनेटची मागा, विटी-दांडूत सहजासहजी फुटत नाही. फ्रेम नाकावरून घसरत असेल तर काचेचा मध्य बाहुलीसमोर राहत नाही, दांड्या दुकानातच वाकवून घ्या. दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि जाताना जुना चष्मा व जुना केसपेपर दोन्ही सोबत.