पतसंस्थेचे कॉल, सरकारी सवलतीचे जीपीयू आणि आमची छोटी कंपनी

आमची कंपनी कर्वेनगरमध्ये आहे. माणसं मोजकी आणि काम एकच: सहकारी पतसंस्थांसाठी फोनवर मराठीत बोलणारी यंत्रणा. सभासद फोन करतो, "माझा हप्ता लागला का?" असं विचारतो, आणि यंत्रणा खातं बघून उत्तर देते. सरकारच्या एआय धोरणावर जे लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं मोठ्या कंपन्यांना डोळ्यांसमोर ठेवून असतं. आमच्यासारख्यांच्या रोजच्या कामात ते धोरण कुठे अडतं आणि कुठे हात देतं, हे याच वाटेवरच्या इतरांना कळावं म्हणून लिहिते आहे.

पहिला फटका मार्च 2024 मध्ये बसला. 1 मार्चला इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एक सूचनापत्र काढलं: पुरेशी चाचणी न झालेलं किंवा भरवशाचं नसलेलं एआय मॉडेल भारतात लोकांपुढे आणायचं असेल, तर सरकारची स्पष्ट परवानगी घ्या. तेव्हाचे राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी काही दिवसांतच खुलासा केला की हे मोठ्या प्लॅटफॉर्मसाठी आहे, स्टार्टअपसाठी नाही. 15 मार्चला सुधारित पत्र आलं आणि परवानगीची अट गेली. कागदावर प्रकरण पंधरवड्यात मिटलं. आमचा एक करार मात्र नेमका त्याच वेळी सहीला आला होता. समोरच्या वकिलांनी "परवानगीचं पत्र जोडा" असं कळवलं. मंत्र्यांचा खुलासा दाखवला, तर समाजमाध्यमावरची पोस्ट फाइलला लावता येत नाही, असं उत्तर मिळालं. सुधारित पत्र दाखवलं तोवर मार्चअखेर आली, त्यांचं बजेट संपलं आणि तो करार काही झाला नाही. मोठ्या कंपनीला अशी एखादी तिमाही सोसते. आमचे पगार त्या करारावर होते.

त्याच महिन्यात, 7 मार्चला, केंद्रीय मंत्रिमंडळाने इंडिया एआय मिशनला मंजुरी दिली: पाच वर्षांसाठी सुमारे 10,372 कोटी रुपये. त्यातला आमच्या कामाचा भाग म्हणजे सवलतीत मिळणारे जीपीयू, म्हणजे एआय मॉडेल घडवायला लागणाऱ्या ताकदवान संगणकीय चिप. ते सरकारने स्वतः मांडून ठेवलेले नाहीत, सरकारने निवडलेल्या खासगी कंपन्यांकडे आहेत. पात्र वापरकर्त्याला खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. पुढे अशा जीपीयूंची संख्या 38,000 च्या वर गेली आणि सरकारने जाहीर केलेला दर तासाला सुमारे 65 रुपयांवर आला. बाजारात याच्या कितीतरी पट मोजलेल्या माणसाला या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको.

आम्हाला जीपीयू का लागतात, तेही सांगते. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या संशोधन गटाने मराठीसह 22 भाषांसाठी आवाज ओळखणारी मॉडेल खुली केली आहेत. ती चांगलीच आहेत. पण जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातलं बोलणं, तेही साध्या फोनवरून, मागे दुधाच्या कॅनचा आवाज, अशा वेळी "पावणेदोन हजार भरले" याचं "दोन हजार भरले" होतं. पतसंस्थेत एवढ्या फरकावर भांडण होतं. म्हणून त्याच पट्ट्यातल्या बोलण्यावर मॉडेल पुन्हा घडवावं लागतं.

जीपीयूच्या अर्जासाठी डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाची) स्टार्टअप मान्यता आमच्याकडे आधीपासून होती, उद्यम ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणीही होती. उद्यमला पैसे पडत नाहीत, त्यामुळे ते करून देतो म्हणून फी मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. खरा कस लागतो तो किती जीपीयू, कोणत्या प्रकारचे आणि किती तास हे लिहिताना. लहान कंपनीकडे असा अंदाज तयार नसतो. आम्ही स्वतःच्या खर्चाने एक जीपीयू थोडा वेळ भाड्याने घेतला, थोडं ऑडिओ चालवून वेळ मोजली आणि त्यावरून हिशोब मांडला. प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून आला तेही लिहिलं. मंजुरी मिळाली ती याच कागदामुळे, असं मला वाटतं.

यानंतर वेळ खाल्ला तो डेटाने. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतात. पण ग्राहक 2027 ची वाट बघत नाहीत. मंचरकडच्या एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी कुठेतरी 250 कोटींच्या दंडाची बातमी वाचली होती. मी समोर बसल्याबसल्या त्यांनी कात्रण पुढे सरकवलं. "ताई, आमच्या अख्ख्या संस्थेच्या ठेवी एवढ्या नाहीत," ते म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, ती कमाल मर्यादा आहे. चूक किती गंभीर, किती काळ चालली, हे बघून दंड ठरतो." त्यांनी मान हलवली, पण कात्रण खिशात परत ठेवलं. त्यांची भीती मला खोटी वाटली नाही. यंत्रणा आमची असली, तरी कायद्याने सभासदाच्या माहितीची जबाबदारी संस्थेची असते.

इथे आमच्या वकील बाईंनी एक गोष्ट नीट उलगडून सांगितली आणि ती प्रत्येक छोट्या एआय कंपनीने समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. पतसंस्थेच्या सांगण्यावरून आपण कॉलला उत्तर देतो, तोवर आपण तिच्या वतीने काम करणारे. पण तेच रेकॉर्डिंग आपलं मॉडेल सुधारायला वापरलं, की त्याचा हेतू आपण ठरवला. मग जबाबदारीही थेट आपली. एकाच ऑडिओ फाइलवर दोन वेगळी नाती. काही स्टार्टअपना ठरावीक कलमांतून सूट द्यायचा अधिकार कायद्याने सरकारला दिला आहे, पण त्या भरवशावर काम उभं करू नका. पतसंस्थेला ती सूट नाही आणि प्रश्न विचारणार आहे ती पतसंस्था.

म्हणून आम्ही संमती दोन भागांत केली. संस्थेशी आमचा लेखी करार फक्त सेवेपुरता. मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी प्रत्येक सभासदाची वेगळी सही: एक पान, मोठी अक्षरं, साधी मराठी. काय साठवणार, कशासाठी, किती दिवस, आणि नको असेल तर कोणत्या नंबरवर सांगायचं. सही दिली नाही तरी सेवा बंद होणार नाही, हे पहिल्याच ओळीत. पासबुक भरायच्या खिडकीशी एका आजींनी ते पान पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्या लेकाला कळंल का, मी किती ठेवलंय ते?" आमच्या कागदात याचं उत्तर नव्हतं. तो प्रश्न रास्त होता. त्याच आठवड्यात आम्ही प्रशिक्षणाच्या ऑडिओतून नावं आणि खातेक्रमांक कापून टाकायला सुरुवात केली, आणि तसं पानावरही लिहिलं. आजींनी नंतर सही केली.

मागे एक साधी एक्सेल नोंदवही आहे: रेकॉर्डिंगचा क्रमांक, शाखा, तारीख, संमती, ठेवलेली जागा, पुसायची तारीख. कुणी संमती काढून घेतली, की फाइल पुसली जाते आणि मॉडेलची पुढची आवृत्ती तिच्याशिवाय घडते. आधीच शिकलेल्या मॉडेलमधून एक आवाज वेगळा काढता येत नाही, हे आम्ही सभासदांना लिहून दिलं आहे. लपवण्यापेक्षा हे बरं.

5 नोव्हेंबर 2025 ला सरकारने एआयची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांत वेगळा कायदा न आणता सध्याच्या कायद्यांवरच भर आहे. मला हे धोरण पटतं. लगेच नवा परवाना आला असता, तर आमच्यासारखे अनेक जण तिथेच थांबले असते. पण वकिलांची फी, नोंदवही, करार, हा खर्च पाच जणांच्या कंपनीला आणि पाच हजारांच्या कंपनीला जवळजवळ सारखाच पडतो. जीपीयूवर सवलत आहे, यावर नाही. मराठीतला संमतीपत्राचा नमुना आणि छोट्या पुरवठादारासाठी तयार करारनामा सरकारने प्रसिद्ध केला, तर जीपीयूच्या सवलतीइतकाच त्याचा उपयोग होईल. मी हे लेखी कळवलं आहे आणि इतरांनीही कळवावं.

मॉडेलची नवी आवृत्ती आता मंचरच्या शाखेत चालू आहे. "पावणेदोन" बहुतेक वेळा बरोबर येतं, "अडीचशे" आणि "दीडशे" गोंगाटात अजून चुकतात. व्यवस्थापक साहेबांनी आमचं संमतीपत्र शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या संस्थेला पाठवलं. त्यांच्या संचालक मंडळाने आम्हाला पुढच्या बैठकीला बोलावलं आहे, नोंदवही सोबत आणा असं सांगून.