खान्देशात सायकलवर निघालात तर माणसांवर भरवसा ठेवा

धुळ्याहून अमळनेर, चोपडा, यावल करत रावेरपर्यंत सायकल मारायची असेल तर हॉटेल बुकिंगच्या फार मागे लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा हा पट्टा केळीचा, मळ्यात पाणी आणि सावली दोन्ही मिळतं, आणि उन्हाळ्यात पारा ४० च्या वर गेला की दुपारी सायकल चालवायचीच नाही, बिनधास्त सावली मागायची.

चोपड्याच्या पुढे मी फक्त बाटली भरायला थांबलो होतो, तर मळ्यातले बाबा म्हणाले "कथा जाई राहिना भाऊ?" (कुठे चाललास भाऊ?) आणि मी सांगेपर्यंत आजींनी खाट टाकलीसुद्धा, मग कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, ठेचा, त्यावर कच्चं तेल, फोडलेला कांदा, आणि पोटभर जेवल्याशिवाय उठूच देईनात. किती प्रेमाने वाढत होत्या! पैशाचा विषय तर काढायचाच नाही, मनाला लागतं त्यांच्या. त्यापेक्षा पोरांना सायकलवर एक चक्कर मारू द्या.

मुक्कामाचं मात्र नीट बघा, उजेड असतानाच गाव गाठा आणि देवळात किंवा शाळेत झोपायचं तर आधी सरपंच नाहीतर पोलीस पाटलांना विचारा, कारण अंधारात अनोळखी माणूस दिसला की गावाला धास्ती वाटणारच ना.