जिल्ह्याचं ठिकाण आपलं होतं!

दरवर्षी जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या मंडणगडकर मंडळाचं (मंडणगड म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातला आमचा तालुका) स्नेहसंमेलन असतं, मुंबईत परळला, तोच जुना हॉल. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, दहावी-बारावीच्या पोरांचा गुणगौरव, अहवालवाचन (मीच वाचतो, कोणी ऐकत नाही), सगळं दरवर्षीसारखंच झालं, त्यावर वेळ घालवत नाही. लिहायचंय ते गुरुजींच्या भाषणाबद्दल.

गुरुजी गावाकडच्या शाळेतून रिटायर झाले, आता नालासोपाऱ्याला मुलाकडे असतात. हातात चार घड्या घातलेला कागद असतो, पण तो उघडताना मी आजवर बघितलेला नाही. आधी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसतात आणि मग ठरलेलं पहिलं वाक्य, "मंडळी, जिल्ह्याचं ठिकाण आपलं होतं!"

नव्या सुना एकमेकींकडे बघतात. कारण मंडणगड म्हणजे काय, एक बाजारपेठ, एसटी स्टँड, तहसील कचेरी, वर डोंगरावर किल्ला, झालं. अख्ख्या तालुक्याची वस्ती 2011च्या जनगणनेत साधारण 62 हजार, एवढी माणसं तर इकडे सकाळी दादरच्या पुलावरच असतील. पण गुरुजी खोटं बोलत नाहीत हां. इंग्रजांनी 1819ला दक्षिण कोकण वेगळा जिल्हा केला तेव्हा मुख्य कचेरी आपल्या तालुक्यातल्या बाणकोटला होती, 1822ला रत्नागिरीला नेली, मध्यावर पडते म्हणून. गुरुजींनी हे अजून माफ केलेलं नाही. "तीन वर्षं! फक्त तीन!" म्हणत बोटं अशी नाचवतात की जणू कालच कचेरीचं सामान गलबतात चढलं. आणि पुढे तर मंडणगड दापोलीचा नुसता पेटा (तालुक्याचा पोटविभाग) होऊन बसला, हे सांगताना आमच्यातल्या दापोलीच्या जावयांकडे बघून हसतात.

मग वेळास येतं, नाना फडणवीसांचं गाव. "कासवं बघायला जाताय, जा, पण नानांना एक नमस्कार करून या." आंबडव्याचं नाव घेताना मात्र आवाज खाली येतो, बाबासाहेबांचं मूळ गाव आपल्या तालुक्यात आहे एवढंच म्हणतात आणि पाण्याचा ग्लास उचलतात.

माझं पाणी होतं ते शेवटच्या भागात. रेल्वे 1998ला कोकणात आली पण आपल्याला लांबूनच गेली, आपली ती एसटीच. गुरुजी कंडक्टरची हाक हुबेहूब काढतात, "म्हाप्रळ, आंबेत, गोरेगाव, माणगावऽऽ" आणि हॉलमध्ये बसल्या बसल्या मला आमची आई दिसते, फणस गोणपाटात बांधून खिडकीतून आत ढकलणारी, आणि गाडी सुटली तरी "पोचल्यावर चिठ्ठी टाक रे" म्हणत चार पावलं पळणारी. यंदा शेजारी पुतण्या होता, म्हणाला काका तुम्हाला सर्दी झालीय का. म्हटलं हो.

आता रागाचं. हे सगळं ऐकायला यंदा पुढच्या तीन रांगा होत्या. बाकीचे वडे तळायचा वास आला तसे मागच्या दाराला. विरार-बदलापूरवाल्यांना दरवर्षी मेगाब्लॉक आडवा येतो, शिमग्याला गावी जाताना बरा येत नाही. 2020च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने घरावरचे पत्रे उडाले तेव्हा फोनवर फोन करून मंडळाकडे मदत मागणाऱ्यांतले किती जण आले, मी मोजलेत, नावं लिहीत नाही.

मदत केलेल्यांची आठवण मात्र काढतोच, कोण राहिलं तर पुन्हा ऐकून घ्यावं लागतं. खजिनदार अण्णा (हॉलचं भाडं कमी करून घेतलं), माईकवाला दादा, बॅनर करणारा भाचा (यंदा 'मंडणगड'मधला ण बरोबर आला), रांगोळीवाल्या दोघी बहिणी, वडे-सागोतीवाल्या वहिनी आणि त्यांच्या जाऊबाई, खुर्च्या लावणारी सायनची चार पोरं, जाखडीला ढोलकी धरणारे मामा, हॉलचा वॉचमन ज्याने साडेतीनपर्यंत लाईट ठेवली. सोलकढीवाल्या मावशींचं नाव गेल्या वर्षी राहिलं होतं, होळीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. मावशी, यंदा लिहिलंय, बघा.

पुढच्या वर्षी भाषण जेवणाआधी घ्यायचं आणि वडे त्यानंतर तळायला टाकायचे असं मी मिटिंगमध्ये मांडणार आहे. अण्णांचा विरोध आहे. ते म्हणतात मग लोक येणारच एक वाजता.