यार्डातली गाडी रस्त्यावर येते तेव्हा: टीसी, रोड टॅक्स आणि फॉर्म १९

यार्डात नव्वद नव्या गाड्या उभ्या आहेत, एकीचंही पासिंग झालेलं नाही. मग रोड टॅक्स किती गाड्यांचा? नव्वदांचा नाही, आणि शून्याचाही नाही. शोरूम नवीन सुरू करणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो.

महाराष्ट्र मोटार वाहन कर कायदा, १९५८ च्या कलम ३ ला जोडलेलं परंतुक सांगतं की विक्रेत्याने किंवा उत्पादकाने व्यापारासाठी ठेवलेल्या वाहनांपैकी ज्यांना रस्त्यावर वापरायची परवानगी आहे, तेवढ्यांवरच कर. ही परवानगी म्हणजे व्यवसाय प्रमाणपत्र, बोलण्यात 'टीसी'. म्हणजे कर मोजायचा तो टीसी क्रमांकांच्या हिशेबाने, यार्डातल्या चासी क्रमांकांच्या हिशेबाने नाही. टीसीचं शुल्क केंद्राच्या नियमांप्रमाणे आणि कर राज्याच्या कायद्याप्रमाणे, म्हणून दोन्ही पावत्या वेगळ्या जपायच्या. शुल्क भरलं म्हणजे कर आलाच, असं धरून चालणारे कमी नाहीत.

नोंदणीतून मिळणारी सूट वेगळ्या कायद्यातून येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ मध्ये विक्रेत्याच्या ताब्यातल्या वाहनाला नोंदणीची सक्ती नाही, पण विहित अटींवर. त्या अटी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये नियम ३३ पासून पुढे आहेत. टीसी नसेल तर ही सूटही नाही. मग गाडी विनानोंदणी ठरते आणि कलम १९२ लागतं: पहिल्या वेळी किमान २,००० आणि कमाल ५,००० रुपये दंड.

अर्ज फॉर्म १६ मध्ये, 'वाहन' पोर्टलवर. १ नोव्हेंबर २०२२ पासून नियम बदलले. आता वाहनांच्या अनेक प्रकारांसाठी एकच ऑनलाइन अर्ज चालतो, तीस दिवसांत निर्णय झाला नाही तर प्रमाणपत्र मंजूर झाल्याचं मानलं जातं, आणि मुदत बारा महिन्यांवरून पाच वर्षांवर गेली. फक्त ही मुदत कंपनीने दिलेल्या डीलरशिपच्या अधिकारपत्राशी बांधलेली आहे. ते संपलं की टीसीही संपते, हे नूतनीकरणाच्या तारखा लावताना विसरू नका. अर्ज ज्या कार्यालयाच्या हद्दीत धंद्याची जागा आहे तिथे: बाणेर किंवा मुंढव्याचं शोरूम असेल तर पुणे, एमएच १२, चाकण किंवा भोसरीचं असेल तर पिंपरी-चिंचवड, एमएच १४. दोन्हीकडे शोरूम असेल तर टीसीही दोन्हीकडची. एका शोरूमच्या टीसीवर दुसरं शोरूम चालवता येत नाही. २०२५ मध्ये राज्यात विद्युत दुचाकींच्या दुकानांवर कारवाई झाली ती याच मुद्द्यावर.

आता खरा प्रश्न: टीसी किती घ्यायच्या? नियम ३९ सांगतो, एक टीसी क्रमांक एका वेळी एकाच वाहनावर. म्हणून महिन्याला किती गाड्या विकल्या हा आकडा बाजूला ठेवा आणि एकाच वेळी जास्तीत जास्त किती गाड्या रस्त्यावर असतात ते मोजा. समजा दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात चाकणच्या यार्डातून बाणेरला रोज बारा गाड्या आणायच्या आहेत. गाडी सोडून टीसी क्रमांकाची प्लेट परत यार्डात पोचायला, नाशिक रस्त्याची गर्दी धरून, अडीच तास. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेसात या वेळात एका प्लेटवर तीन, फार तर चार खेपा होतात. म्हणजे वाहतुकीलाच चार प्लेटा लागल्या. शनिवार-रविवारी पासिंग न झालेल्या गाडीची चाचणीही द्यायची असेल तर आणखी एक. दोन टीसींवर हे सगळं भागवू म्हटलं की मग एकाच क्रमांकाच्या दोन प्लेटा बनतात. हा प्रकार आरटीओच्या वायुवेग तपासणी पथकाला एका फोटोत कळतो, आणि मग प्रमाणपत्र निलंबित होण्यापर्यंत जातं.

कॅरियरवर लादलेली गाडी हा माल असतो, तिला टीसी लागत नाही. पण मोठे कॅरियर दिवसा शहरात येऊ शकत नाहीत. बायपासला कुठेतरी गाड्या उतरवतात आणि तिथून शोरूमपर्यंत दोन-तीन किलोमीटर चालवत नेतात. त्या दोन-तीन किलोमीटरला टीसी, विमा आणि फॉर्म १९ मधली खेपेची नोंद तिन्ही हवं. उतरवून घेणाऱ्या मुलांच्या हातात प्लेटा नसतील तर गाड्या उतरवूच नयेत.

टीसीवर गाडी कशासाठी नेता येते ते नियम ४१ मध्ये मोजून दिलंय. दुरुस्तीनंतरची चाचणी, वजनकाटा, नोंदणीसाठी नेणं-आणणं, होऊ घातलेल्या ग्राहकाला वाजवी चाचणी, विक्रेत्याकडून विक्रेत्याकडे किंवा ग्राहकाकडे पोचवणं, बॉडी बांधायला किंवा रंगाला वर्कशॉपात, रेल्वे स्थानक वा बंदरावरून आणणं, प्रदर्शन, आणि थकलेल्या कर्जापोटी फायनान्सरने ओढून नेणं. यात मालकाने रात्री गाडी घरी नेणं नाही. मॅनेजरच्या भाच्याचं लग्न नाही. महिनाअखेरीला बँकेत चेक टाकायला जाणंही नाही. ग्राहकाला चाचणीला गाडी देताना तुमचा माणूस आत बसलेला हवा. किल्ली देऊन 'एक चक्कर मारून या' म्हणणं नियम ४० मध्ये बसत नाही. फक्त एकाच माणसासाठी बनवलेल्या वाहनाला तेवढी मुभा आहे.

सगळ्यात जास्त चुका फॉर्म १९ मध्ये होतात. हे टीसीवरच्या खेपांचं बांधीव, पानांना अनुक्रमांक घातलेलं, दोन प्रतींचं रजिस्टर. खेप सुरू होण्याआधी परतीची वेळ सोडून सगळे रकाने भरायचे, दुसरी प्रत ड्रायव्हरकडे द्यायची, आणि गाडी परत आली की दोन्ही प्रतींवर परतीची वेळ टाकायची. प्रत्यक्षात काय होतं? संध्याकाळी कोणीतरी एका पेनाने, एका हस्ताक्षरात दिवसभराच्या खेपा उतरवून काढतो. ड्रायव्हर मात्र दुपारी विद्यापीठ चौकात प्रतीविना अडकलेला असतो. रजिस्टर किल्ल्यांच्या कपाटाला साखळीने बांधा. नोंद झाल्याशिवाय किल्ली नाही, एवढा एकच शिरस्ता पाळला की निम्मी डोकेदुखी जाते. कॅमेऱ्याने चलन काढलं तर गाडी कोणाच्या हातात होती हेही त्याच पानावर सापडतं.

टीसीची प्लेट लाल, अक्षरं पांढरी. पिवळ्यावर लाल अक्षरं ती तात्पुरत्या नोंदणीची; दोन्हींत गल्लत नको. मूळ प्रमाणपत्र पाणी न लागेल अशा पाकिटात गाडीतच. पुण्याच्या पावसात चोषक कपाची प्लेट काचेवरून सुटते, म्हणून पट्ट्याने बांधलेली बरी. प्रमाणपत्र हरवलं तर पोलिसांत कळवून फॉर्म १८ वर दुसरी प्रत घ्या.

विम्यात यार्डाच्या आतल्या जोखमीची पॉलिसी वेगळी आणि रस्त्यावरच्या जोखमीची वेगळी. पहिलीवर गाडी फाटकाबाहेर काढली की तृतीय पक्षाचं संरक्षण संपलं.

डेमो कार हा स्वतंत्र विषय. रोज चाचणीला फिरणारी गाडी टीसीवर ओढत राहण्यापेक्षा तिचं पासिंग करून घेणं शहाणपणाचं, पण डीलरशिप कंपनी असेल तर कर बोचतो. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर व्यक्तीला ११ टक्के म्हणजे ८८,००० रुपये; कंपनीच्या नावावर २० टक्के म्हणजे १,६०,०००. हे ७२,००० वाचवायला गाडी सेल्स मॅनेजरच्या नावावर घेतात. मग तो नोकरी सोडतो तेव्हा गाडी कोणाची, हा वाद होतो.

ग्राहकाला मात्र टीसीवर गाडी कधीच द्यायची नाही. नियम ४२ प्रमाणे तात्पुरती किंवा कायम नोंदणी झाल्याशिवाय ताबा नाही. पाडव्याचा मुहूर्त आहे, नंबर उद्या येईल, आज घेऊन जा, असं सांगून गाडी सोडली आणि नोंदणीचा अर्जच केलेला नसेल, तर कलम १९२ ब खाली विक्रेत्याला वार्षिक कराच्या पंधरापट किंवा आजीवन कराइतका, यांपैकी जास्त असेल तेवढा दंड होऊ शकतो. वरच्या आठ लाखांच्या गाडीला म्हणजे किमान ८८,०००.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना यातलं काही लागू नाही. त्यांच्या गाड्या आधीच नोंदलेल्या असतात, म्हणून टीसीचा प्रश्न नाही. १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्यासाठी नियम ५५अ पासूनची वेगळी अधिकारपत्राची पद्धत आहे. खेपांची नोंद त्यांनाही ठेवावी लागते, आणि ती इलेक्ट्रॉनिक. वार्षिक कर भरणारा टेम्पो किंवा टॅक्सी स्टॉकमध्ये पडून असेल तर वापर बंद असल्याची सूचना आधी द्या. नाहीतर गाडी जागची न हलताही कर चढत राहतो.