मॅकेलन कुणाशी बोलतात?

१९७६ साली शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, 'मॅक्बेथ' झालं ते एका पत्र्याच्या शेडमध्ये. रॉयल शेक्सपिअर कंपनीचं हजारावर खुर्च्यांचं मोठं नाट्यगृह नदीकाठी होतंच. दिग्दर्शक ट्रेव्हर नन यांनी दोन वर्षांपूर्वी हेच नाटक तिथे मोठ्या थाटात केलंही होतं. या खेपेला त्यांनी सगळा थाट काढून टाकला. 'द अदर प्लेस' नावाची ही शेड पूर्वी तालमींसाठी वापरत. बझ गुडबॉडी या तरुण दिग्दर्शिकेने १९७४ मध्ये त्या शेडचं छोटं नाट्यगृह केलं होतं. तिथे जमिनीवर एक वर्तुळ आखलं आणि त्याभोवती नटांना बसायला लाकडी खोकी मांडली, बस्स. विंगा नाहीत, मध्यंतर नाही. ज्याचा प्रवेश असेल तो उठून वर्तुळात येणार, काम संपलं की परत खोक्यावर जाऊन बसणार आणि बाकीच्यांचं काम बघत राहणार. मॅक्बेथ होते इंग्लिश नट इयन मॅकेलन आणि लेडी मॅक्बेथ जुडी डेंच.

मॅकेलन यांच्या कामाचा कस कशात आहे हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करावी. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांतल्या जादूगार गँडाल्फपासून केली तर ते लवकर हाती लागत नाही. त्यांची उत्तम कामं ओळीने बघितली की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: ते कधी हवेत बोलत नाहीत. स्वगत असो, दरबारातलं भाषण असो की वेड्याची बडबड, समोर कुणीतरी ऐकणारं आहे हे त्यांनी आधी पक्कं केलेलं असतं. ऐकणारं मिळालं नाही तर काय होतं, तेही एकदा सगळ्यांना कळलं. त्याकडे पुढे येतोच.

आधी आवाजाचं गणित. मोठ्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाजाची फेक पोचवायची म्हणजे स्वर लांबवावे लागतात, श्वास वारंवार घ्यावा लागतो, हातवारे मोठे होतात. चांगल्या नटालाही त्यामुळे नकळत गाण्याची सवय लागते. शेडमध्ये याची गरज उरत नाही, कुजबुजलेलंही ऐकू जातं. पण लहान जागेचा सापळा वेगळा असतो. नट घरगुती बोलायला लागतो आणि ओळीचा शेवट पडतो. शेक्सपिअरच्या ओळीत वजनदार शब्द बऱ्याचदा शेवटी येतो, तोच गिळला गेला की वाक्य लंगडं होतं. म्हणजे आवाज खाली आणायचा, पण ओळ शेवटपर्यंत उचलून धरायची. हे दोन्ही एकदम साधणारे नट थोडे.

पाचव्या अंकाचा पाचवा प्रवेश घ्या. राणी मेल्याची बातमी येते आणि मॅक्बेथ 'टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो' हे प्रसिद्ध स्वगत बोलतो. शेक्सपिअरच्या नेहमीच्या ओळीत दहा अक्षरं आणि पाच ठोके. आपल्या भाषेत सांगायचं तर लघु-गुरू, लघु-गुरू अशी पाच जोड्यांची चाल. या ओळीत अक्षरं भरतात अकरा. शेवटचं 'रो' ठोक्याशिवाय लोंबकळत राहतं, ओळ संपूनही संपत नाही. त्याहून गंमत म्हणजे पाचातले दोन ठोके पडतात ते 'अँड' या शब्दावर. घाईत असलेला नट ते दोन 'अँड' गिळून तीन 'टुमॉरो' ठणकावतो आणि ओळीचं रांगणं मरतं. वृत्तावर विश्वास ठेवला तर 'आणि' हाच शब्द जड होतो: उद्या, आणि परत उद्या, आणि परत. दमणूक त्या 'आणि'मध्ये आहे.

पुढची साखळीही नीट बघण्यासारखी आहे. काळाच्या नोंदीतलं शेवटचं 'अक्षर', मग गतकाळाने मूर्खांना दाखवलेला उजेड, त्या उजेडावरून मेणबत्ती, मेणबत्तीवरून सावली, सावलीवरून रंगमंचावर तासभर मिरवून-तडफडून गप्प होणारा नट, आणि शेवटी वेड्याने सांगितलेली गोष्ट. प्रत्येक प्रतिमा आधीच्या शब्दातून फुटते. मॅकेलन यांनी हे स्वगत आपल्या एकपात्री 'ॲक्टिंग शेक्सपिअर'मध्ये शब्दाशब्दाने उलगडून दाखवलंय. कवितेच्या वर्गात लावावं इतकं ते स्वच्छ आहे. नटाची ओळ आली की एक चमत्कारिक गोष्ट घडते. राजाचं काम करणारा नट समोर बसलेल्या माणसांना नटाच्या क्षणभंगुरपणाबद्दल सांगत असतो, आणि त्या शेडमध्ये ती माणसं हाताच्या अंतरावर असतात. शेवटची ओळ 'सिग्निफाइंग नथिंग' सहाच अक्षरांची. उरलेली चार अक्षरं शेक्सपिअरने कोरी सोडली आहेत, मग निरोप्या आत येतो. ती कोरी जागा भरायची नसते, तिथे नुसतं उभं राहायचं असतं. थेम्स टेलिव्हिजनने हा प्रयोग स्टुडिओत चित्रित केला आणि तो १९७९ मध्ये दाखवला गेला. मागे काळोख, पुढे चेहरे, बाकी काही नाही. डेंच यांचा झोपेत चालण्याचा प्रवेशही त्यातच आहे, तो चुकवू नका.

हे कान कुठून आले? मॅकेलन यांचा जन्म २५ मे १९३९ चा, लँकेशरमधल्या बर्नलीचा, बालपण विगनमध्ये. वडील सिव्हिल इंजिनिअर. तीन वर्षांचे असताना मँचेस्टरच्या ऑपेरा हाउसमध्ये त्यांनी 'पीटर पॅन' बघितलं. नवव्या वर्षी नाताळची भेट म्हणून घडी होणारं खेळण्यातलं नाट्यगृह मिळालं. लाकूड आणि बॅकेलाइट या जुन्या प्लॅस्टिकचं, पुठ्ठ्याचे पडदे, आणि तारेने आत ढकलायची कापीव माणसं: एक सिंड्रेला, एक नट लॉरेन्स ऑलिव्हिएचा हॅम्लेट. बारा वर्षांचे असताना आई गेली. बोल्टनच्या शाळेतून शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले. तिथे इंग्रजी साहित्याची पदवी घेता घेता तीन वर्षांत २३ नाटकं केली. नाट्यप्रशिक्षणाच्या शाळेत ते कधी गेले नाहीत. केंब्रिजच्या मार्लो सोसायटीत जॉर्ज रायलंड्स यांनी रुजवलेली पद्यपठणाची शिस्त होती, दिग्दर्शक जॉन बार्टन त्याच परंपरेतले, आणि डेरेक जॅकोबी, ट्रेव्हर नन हे सोबती. आधी अर्थ, मग वृत्त, आणि सूर शेवटी, अशी ती शिस्त. नाट्यशाळेत न गेल्याने त्यांचं नुकसान झालं असं मला वाटत नाही, कारण पुढची शाळा अधिक कडक होती. १९६१ मध्ये कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरपासून सुरुवात, मग इप्सविच, मग नॉटिंगहॅम. अशा रिपर्टरी नाट्यगृहांत रात्री चालू नाटकाचा प्रयोग आणि दिवसा पुढच्याची तालीम. एक भूमिका अंगात मुरायच्या आत दुसरीचं पाठांतर सुरू. यात नट घडतो किंवा दोन-चार ठरलेल्या लकबींवर वेळ मारून न्यायला शिकतो.

१९६९ च्या एडिंबरा महोत्सवात प्रॉस्पेक्ट कंपनीसाठी त्यांनी शेक्सपिअरचा दुसरा रिचर्ड आणि मार्लोचा दुसरा एडवर्ड ही दोन्ही कामं केली आणि नाव झालं. इथून बहुतेक नट वेस्ट एंडकडे, लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीकडे, वळतात. मॅकेलन यांनी १९७२ मध्ये एडवर्ड पेदरब्रिज यांच्याबरोबर 'ॲक्टर्स कंपनी' काढली. नाटकं आणि दिग्दर्शक नटांनीच निवडायचे, पगार सारखा, नावं सारख्या आकारात, आणि एका नाटकात नायक असलेल्याने दुसऱ्यात चिल्लर भूमिका करायची. शेडमधल्या खोक्यांवर बसून दुसऱ्याचं काम ऐकण्याची तयारी इथे झाली असं मी मानतो.

न्यूयॉर्कला १९८० मध्ये आलेल्या 'ॲमेडियस' नाटकातला त्यांचा सालिएरी, मोझार्टचा मत्सर करणारा संगीतकार, याच वाटेवरचा. म्हातारा सालिएरी भविष्यकाळातल्या भुतांना हाक मारतो आणि ती भुतं म्हणजे प्रेक्षक. सबंध नाटक त्यांना सांगितलेला कबुलीजबाब आहे. या कामाला १९८१ चं टोनी हे अमेरिकन नाट्यपारितोषिक मिळालं.

जानेवारी १९८८ मध्ये, ४८ व्या वर्षी, बीबीसी रेडिओ थ्रीवरच्या चर्चेत त्यांनी आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेला 'उत्तेजन' देऊ नये असं म्हणणाऱ्या कलम २८ वर तो वाद होता. कलम त्याच वर्षी कायद्यात आलं. स्कॉटलंडमध्ये २००० मध्ये आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००३ मध्ये रद्द झालं. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या 'स्टोनवॉल' संस्थेच्या संस्थापकांत ते होते. यानंतर आपला अभिनय सुधारला असं त्यांनी अनेकदा सांगितलंय. नंतरच्या कामांत मला ते दिसतं: आधी कौशल्य झळाळायचं, नंतर माणूस उघडा होतो.

तिसरा रिचर्ड त्यांनी १९९० मध्ये नॅशनल थिएटरला रिचर्ड एअर यांच्या दिग्दर्शनाखाली केला. इंग्लंड १९३० च्या दशकातलं, रिचर्ड फॅसिस्ट हुकूमशहा. पुढे रिचर्ड लाँक्रेन यांच्याबरोबर त्यांनी पटकथा लिहिली आणि १९९५ मध्ये चित्रपट आला. त्यातलं पहिलं भाषण म्हणजे रंगमंचावरचं स्वगत पडद्यावर कसं न्यायचं याचा धडा आहे. पहिला भाग विजयोत्सवात, मायक्रोफोनसमोर, पाहुण्यांना उद्देशून: खणखणीत, सार्वजनिक. मध्येच दृश्य तुटतं आणि उरलेलं भाषण पुरुषांच्या मुतारीत, स्वतःशी पुटपुटल्यासारखं. मग आरशात त्याला आपण दिसतो. तो वळतो आणि थेट भिंगात बघून बोलायला लागतो. रंगमंचावर स्वगत हजार जणांना सांगता येतं. भिंग मात्र एकच माणूस असतं, आवाज आणि भुवया त्या बेताने आवरायला लागतात. नाटकातले बरेच नट इथे फसतात, कारण भिंगापलीकडच्या थिएटरात बसलेल्या हजारांना ते विसरू शकत नाहीत. रिचर्डचा डावा हात निकामी, म्हणून सगळा व्यवहार उजव्याने. लेडी ॲनला अंगठी द्यायची तर ती बोटातून दातांनी काढावी लागते. त्या एका कृतीत किळस आणि आर्जव दोन्ही आहेत.

'गॉड्स अँड मॉन्स्टर्स' (१९९८) मधल्या दिग्दर्शक जेम्स व्हेलच्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन झालं, मग 'एक्स-मेन'मधला खलनायक मॅग्निटो, मग गँडाल्फ आणि दुसरं नामांकन. तोवर साठी उलटली होती.

गँडाल्फ उंच आणि हॉबिट नावाचे छोटे लोक बुटके दिसण्यासाठी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये बऱ्याच ठिकाणी जुनी युक्ती वापरली होती. गाडीवर दोघं शेजारी बसलेले दिसतात, पण हॉबिटची बैठक प्रत्यक्षात बरीच मागे असते. एका भिंगाच्या कॅमेऱ्याला खोली कळत नाही, त्यामुळे मागचा माणूस लहान दिसतो. नजरा तेवढ्या जुळवून घ्यायच्या. निदान दोघे नट एकाच जागी असतात, एकमेकांचा आवाज ऐकतात. 'हॉबिट' थ्रीडीत चित्रित झाला आणि ही युक्ती मोडली, कारण दोन भिंगांच्या कॅमेऱ्याला मागे-पुढे लगेच कळतं. मग ड्वॉर्फ जातीचे तेरा बुटके एका सेटवर, गँडाल्फ दुसऱ्या हिरव्या खोलीत एकटा, दोन कॅमेरे एकमेकांना बांधलेले. मॅकेलन यांच्यासमोर खांबांवर बुटक्यांचे फोटो, आणि जो बोलत असेल त्याच्या फोटोचा दिवा लागणार. त्या दिवशी ते रडले. यासाठी आपण नट झालो नव्हतो, असं त्यांच्या तोंडून निघालं. मायक्रोफोन चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. नंतर सहकाऱ्यांनी त्यांचा तंबू सजवून त्यांचा मान केला. वयाचा थकवा किंवा नव्या तंत्राचा तिटकारा म्हणून हे सोडून देता येत नाही. पन्नास वर्षं ज्या गोष्टीवर उभं राहून काम केलं, तीच त्या खोलीतून काढून घेतली होती.

म्हणून पुढचं सगळं परत ऐकणाऱ्यांच्या जवळ. २०१७ मध्ये 'किंग लिअर' दुसऱ्यांदा केला तो चिचेस्टरच्या सुमारे तीनशे खुर्च्यांच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये. २०१९ मध्ये ऐंशी वर्षं पुरी झाली म्हणून ऐंशी नाट्यगृहांचा एकपात्री दौरा. दुसऱ्या भागात शेक्सपिअरच्या नाटकांची पुस्तकं रचून ठेवायची, प्रेक्षकांनी नाव ओरडायचं, आणि त्या नाटकातलं काहीतरी म्हणून दाखवायचं किंवा आठवण सांगायची. क्रम रोज प्रेक्षकांच्या हातात. पैसे नाट्यगृहांसाठीच होते. प्रयोग संपला की ते बादली घेऊन बाहेर दारात उभे राहत.

२०२४ मध्ये 'प्लेयर किंग्ज'मध्ये ८५ व्या वर्षी फॉलस्टाफ, शेक्सपिअरचा लठ्ठ, बढाईखोर सरदार. चौथ्या हेन्रीचे दोन्ही भाग एका रात्रीत, लंडनचं नोएल कॉवर्ड थिएटर. जूनमधल्या एका प्रयोगात लढाईच्या प्रवेशात त्यांचा पाय खुर्चीत अडकला. तो सोडवायला गेले तर रंगमंचावर पसरलेल्या वर्तमानपत्रांवरून घसरत पुढच्या कडेपर्यंत आले आणि थेट प्रेक्षकांपुढे खाली पडले. मनगट मोडलं, मणक्याचा टवका उडाला. फॉलस्टाफच्या पोटासाठी अंगावर बांधलेल्या जाड पॅडिंगने बरगड्या आणि सांधे वाचवले. पुढचे प्रयोग बदली नट डेव्हिड सेमार्क यांनी केले.