हंसध्वनीचा गंधार अखेर जागेवर आला

हंसध्वनी या कर्नाटक रागात व्हायोलिनसाठी, कीबोर्डची साथ घेऊन, मी एक रचना बांधतो आहे. मागील नोंदीत तिचा जो आराखडा दिला होता, त्यातील कीबोर्डच्या साथीचा संपूर्ण भाग मी या आठवड्यात रद्द केला आहे, आणि तो रद्द करताना गेले काही महिने बेसूर होऊन छळणाऱ्या गंधाराचे (ग) उत्तरही हाती लागले आहे.

व्हायोलिनवादक डॉ. एल. सुब्रमण्यम यांची कारकीर्द समोर ठेवून आपण हा उद्योग आरंभला. मद्रासला एम.बी.बी.एस. झालेला हा कलावंत पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समध्ये पाश्चात्त्य संगीताचे पदव्युत्तर शिक्षण घेतो आणि १९८५ मध्ये झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर ‘फँटसी ऑन वेदिक चँट्स’ ही स्वतःची रचना सादर करतो, याचे मला आजही अप्रूप वाटते. रागातला व्हायोलिन आणि लिहिलेले स्वर वाजवणारी साथ एकत्र नांदू शकतात, हा विश्वास मला त्या वाटचालीनेच दिला.

प्रत्यक्षात मात्र गाडी गंधारावर अडत होती. तानपुऱ्याबरोबर वाजवताना स्वच्छ लागणारा गंधार कीबोर्डवर ‘जी मेजर’ कॉर्ड (आपले सा-ग-प एकत्र) धरताच थरथरू लागे. पहिला संशय अर्थातच खुंट्यांवर गेला, कारण सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की कोरड्या हवेने लाकूड आकसते आणि रात्री लावलेल्या तारा सकाळी उतरलेल्या सापडतात. एका पुरवठादाराने आग्रहाने दिलेल्या महागड्या पेग पेस्टपेक्षा साधा खडूच अधिक उपयोगी पडला, हे येथे नमूद करतो. खुंट्या घट्ट बसल्या, घोडी सरळ केली, तरीही थरथर कायम राहिली.

शेवटी कागदावर हिशेब मांडला. आपला षड्ज (सा) पांढरी पाच, म्हणजे पाश्चात्त्य ‘जी’, ३९२ हर्ट्झ. तानपुरा ज्या गंधाराची मागणी करतो तो षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ४९०; कीबोर्डचा गंधार मात्र ४९४ च्या जवळपास असतो. हे दोन स्वर एकत्र वाजले की सेकंदाला सुमारे चार हेलकावे ऐकू येणारच. सेंटच्या भाषेत (कीबोर्डच्या लगतच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंट) षड्जापासून या दोन गंधारांचे अंतर ३८६ आणि ४०० असे आहे. निषादातही १०८८ आणि ११०० अशी बारा सेंटची तफावत पडते, पण रिषभात ती चार आणि पंचमात केवळ दोन सेंटची आहे.

म्हणजे रागाच्या पाच स्वरांपैकी कीबोर्डच्या हाती सुरक्षितपणे देता येतील असे तीनच स्वर आहेत: सा, रे आणि प. त्या संध्याकाळी कॉर्डमधला गंधार काढून टाकला आणि केवळ सा-प धरायला सांगितले. गज अगदी हळू ओढत मी गंधारावर आलो आणि बोट किंचित मागे घेतले, तेव्हा तो स्वर असा ठाम उभा राहिला की मृदंगावर साथ करणारे सोलापूरच्या पूर्व भागातील आमचे ज्येष्ठ स्नेही ठेका थांबवून ऐकत राहिले.

ही नोंद लिहीत असतानाच आणखी एक गोष्ट सुचली. आमच्या कीबोर्डात स्केल ट्यूनिंगची, म्हणजे प्रत्येक स्वर वेगळा चढवण्या-उतरवण्याची, सोय आहे. गंधार चौदा आणि निषाद बारा सेंटने उतरवला, रिषभ चार आणि पंचम दोन सेंटने चढवला, तर संपूर्ण कॉर्ड परत आणता येईल. शिवाय ग्रहभेद करून, म्हणजे षड्जाची जागा बदलून, पंचमाला षड्ज मानले तरी ही जुळणी बिघडत नाही, आणि त्यातून निघणाऱ्या नागस्वरावली रागाचे स्वर शुद्ध स्थानांवरच मिळतात. हे आकडे मी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिले आहेत.

तरीही माझा कल आता दुसऱ्या व्हायोलिनकडे झुकतो आहे, कारण पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला वादक ऐकत ऐकत आपले बोट सरकवू शकतो आणि कीबोर्डला ते जमत नाही. पांढरी पाच निवडल्यामुळे त्याच्या जी आणि डी या मोकळ्या तारा आपोआप सा आणि प होतात. माझ्या वाद्यावर ए तार जीपर्यंत आणि ई तार डीपर्यंत उतरवावी लागते. त्यासाठी ई तार हेवी गेजचीच घ्यावी, अन्यथा ती सैल पडते आणि गज तिच्यावरून घसरतो.

या रागाशी व्हायोलिनचे नाते तसे घरचेच आहे: हंसध्वनीचे श्रेय रामस्वामी दीक्षितरांना दिले जाते, तर कर्नाटक संगीतात व्हायोलिन रुजवण्याचे श्रेय त्यांचेच पुत्र बालुस्वामी यांना.

पुढील नोंदीत दुसऱ्या व्हायोलिनची स्वरलिपी देईन. गमक (स्वरांची आंदोलने) तिच्यात लिहिणार नाही. सा-प चा धरलेला आधार आणि तिहाईच्या (तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याच्या) जागा एवढेच लिहीन. निषादावरून षड्जावर घसरत जाणारी मींड मुख्य व्हायोलिनसाठीच राखून ठेवली आहे, पण त्या क्षणी साथीने पंचम धरावा की पूर्ण थांबावे, हे अद्याप ठरलेले नाही. दोन्ही प्रकारे वाजवून पाहिलेल्यांनी आपले मत अवश्य कळवावे.